बंदूक नवी करू नका, आणि राजीनामाही देऊ नका

नाव न छापण्याच्या अटीवर एका वाचकांनी पाठवलेल्या पत्राचा सारांश असा: "वडिलांकडून आलेली, शंभर वर्षांहून जुनी, एका नामवंत इंग्रज कारखान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक मूळ पेटीसह माझ्याकडे आहे. दहा वर्षांपूर्वी एका मूल्यांककांनी तिच्या किमतीचा दाखला दिला आणि तिचा विमाही उतरवून दिला. जुन्या बंदुकांचे भाव वर्षाला १२ टक्के वाढतात असे ते सांगतात, म्हणून दाखला दरवर्षी तेवढ्याने वाढवला जातो आणि आज ती किंमत मूळच्या तिपटीहून अधिक झाली आहे. विमा हप्ता दाखल्यावरील किमतीच्या दीड टक्का असतो. त्यांच्याच ओळखीच्या कारखान्यात नळ्यांना नवी निळाई (लोखंडावरचा निळसर-काळा थर) आणि दस्त्याला नवे पॉलिश करून घेण्यासाठी मी आगाऊ रक्कम दिली आहे. निवृत्तिवेतन सुरू व्हायला तीन वर्षे आहेत. त्या तीन वर्षांचा घरखर्च बंदुकीतून निघेल, म्हणून पुढील महिन्यात राजीनामा देणार आहे. बंदूक दुकानदाराला विकावी की लिलावात द्यावी?"

तुमच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देतो. त्याआधी दोन गोष्टी आजच्या आज करा. दुरुस्तीच्या कारखान्याला कळवून बंदुकीवरचे काम थांबवा आणि राजीनाम्याचा कागद खणात ठेवा.

आधी कामाविषयी. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या बहुतेक वेळा मऊ डाखेने जोडलेल्या असतात. आजच्या कारखान्यांत निळाई चढवण्याची झटपट रीत म्हणजे लोखंड कॉस्टिक क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवणे. एकनळी बंदुकीला ती चालते, पण दुनळीच्या डाखेला हे द्रावण खाऊन टाकते आणि पट्ट्या सुटू लागतात. कधी ते लगेच दिसते, कधी सांध्यात अडकलेला क्षार काही महिन्यांनी बाहेर येऊ लागल्यावर कळते. दुनळीच्या नळ्या हळूहळू गंज चढवून, तो उकळत्या पाण्यात काळा करून आणि खरवडून, हीच क्रिया पुनःपुन्हा करून काळ्या केल्या जातात. हे काम मोजकेच कारागीर करतात आणि त्याला वेळ लागतो. तुमच्या पत्रात "एका आठवड्यात तयार" असे आश्वासन आहे, त्यावरून कोणती रीत वापरली जाणार याचा अंदाज करता येतो.

काम उत्तम झाले तरी तुमचा तोटाच आहे. जुनी बंदूक घेणारा जाणकार मूळ पृष्ठभागाला पैसे मोजतो, आणि तो पृष्ठभाग एकदाच असतो. निळाईपूर्वी लोखंड घासावे लागते, घासताना कोरीव कामाच्या कडा बोथट होतात, कारखान्याच्या नावाची अक्षरे उथळ होतात आणि नळ्यांची ताकद तपासल्याचे, म्हणजे चाचणीचे शिक्के पुसट होतात. दस्त्याचेही तसेच आहे. मूळ बंदुकीत लाकूड लोखंडापेक्षा किंचित उंच राखलेले असते, पॉलिशवाल्याचा कागद फिरला की ते लोखंडाच्या खाली जाते आणि बोट फिरवताच ग्राहकाला कळते. पकडीवरच्या जाळीदार खाचाही नव्याने कोरल्या की ओळखू येतात. मूळ रंग कुठे शिल्लक आहे हे जाणकार नेमके शोधतो: बंदूक उघडण्याच्या वरच्या खटक्याच्या खाली, चापाच्या कडीच्या मुळाशी, बंदूक उघडल्यावर दिसणाऱ्या सपाट भागावर, म्हणजे जिथे हाताचा घाम आणि ऊन पोहोचत नाही तिथे. त्या कोपऱ्यांतला फिकट निळा-तपकिरी रंग हाच तुमच्या मालाचा पुरावा आहे आणि तोच पुसण्यासाठी तुम्ही आगाऊ रक्कम दिली आहे. ती परत मिळाली नाही तरी सोडून द्या. उरलेली रक्कम देऊन बंदुकीची किंमत कमी करून घेण्यात कोणताही हिशेब बसत नाही. मऊ कापडाने हलके तेल पुसणे, एवढीच तयारी विक्रीपूर्वी करावी.

आता पत्रातील ज्या वाक्याने मला सर्वांत अस्वस्थ केले त्याविषयी. तुम्ही जाता जाता लिहिता की पेटी मोठी प्रशस्त आहे आणि नळ्या खणात ठेवल्यावर पुढे तीन बोटे जागा उरते. मूळ पेटी त्या बंदुकीच्या मापाने बेतलेली असते आणि नळ्यांचा खण नळ्यांएवढाच असतो. तीन बोटे जागा उरण्याची मुख्यतः दोन कारणे संभवतात: पेटी दुसऱ्या बंदुकीची आहे, किंवा नळ्या कधीतरी पुढून कापल्या आहेत. तोंडाशी पोचा किंवा फुगवटा आला की नळ्या कापून टाकण्याचा प्रकार पूर्वी सर्रास होई. कापल्या असतील तर छर्‍यांचा पसारा आवरण्यासाठी तोंडाशी ठेवलेला निमुळतेपणा, ज्याला चोक म्हणतात, तोही कापलेल्या तुकड्याबरोबर गेला आहे. तोंडाकडून पाहा. न कापलेल्या नळ्या बहुधा तिथे एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात, कापलेल्या नळ्यांमध्ये फट दिसते आणि ती डाखेने किंवा लोखंडाच्या तुकड्याने बुजवलेली असते. आतील व्यास मोजून घेतला की शंका उरत नाही.

हीच तपासणी पुढे न्या. नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर, मुख्य यंत्रणेवर आणि पुढच्या लाकडी पकडीतल्या लोखंडावर एकच अनुक्रमांक आहे का, ते पाहा. वेगवेगळे क्रमांक असतील तर ती दोन बंदुकांची जोडणी असू शकते. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या भागाच्या, पुढे काही इंचांवर नळीभोवती बारीक वर्तुळाकार सांधा दिसला, तर जुन्या बुंध्यात नव्या नळ्या बसवलेल्या आहेत. अशी बंदूक वापरायला चांगली असते, संग्राहक मात्र ती बाजूला ठेवतो. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के वाचून घ्या. लंडनचे चाचणीगृह चालवणाऱ्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ साली कायद्याने स्थापन झाले, त्यामुळे या शिक्क्यांचा इतिहास लावता येतो आणि त्या चाचणीनंतर नळी आतून किती घासली गेली हेही मोजून काढता येते. भिंत फार पातळ झाली असेल तर ती बंदूक शोभेची वस्तू ठरते. काही जुन्या इंग्रज कारखान्यांच्या नोंदवह्या टिकून आहेत आणि अनुक्रमांकावरून बंदूक कोणत्या साली, किती लांबीच्या नळ्यांसह बनली ते शुल्क घेऊन कळवले जाते. तुमची बंदूक बनवणाऱ्या कारखान्याकडून असे पत्र मिळत असेल तर सर्वांत आधी ते मागवा. नळ्यांच्या लांबीचा वाद एका ओळीत मिटेल.

आता दाखला. हिशेबासाठी दहा वर्षांपूर्वीची दाखल्यावरील किंमत १०० धरू. वर्षाला १२ टक्क्यांनी ती आज साधारण ३१० होते. तुम्ही लिहिता की पहिल्या भेटीनंतर मूल्यांककांनी बंदूक पुन्हा हातात घेतलेली नाही. म्हणजे दहा वर्षे बंदूक कपाटात होती आणि वाढत होता तो फक्त कागदावरचा आकडा. वाढत्या आकड्यावर दीड टक्का हप्ता भरत तुम्ही आजवर सुमारे २६ दिले आहेत. आणि ज्या गृहस्थांनी किंमत लिहिली त्यांचे मानधन किमतीच्या टक्केवारीत, विमा त्यांच्यामार्फत आणि दुरुस्तीचा कारखानाही त्यांच्या ओळखीचा. याला मी सल्ला म्हणत नाही. किमतीच्या टक्केवारीवर मानधन घेणाऱ्याच्या मूल्यांकनावर कोणीही विसंबू नये.

मूळचे १०० तरी खरे होते का, तेही तपासू. विम्याचा दाखला बदली किंमत सांगतो, म्हणजे तशीच वस्तू दुकानातून विकत घ्यायला ग्राहकाला किती मोजावे लागेल ते. तुम्ही विकणारे आहात. दुकानदाराचा नफा किंवा लिलावाचे कमिशन वजा जाता, बंदूक पूर्णपणे मूळ असली तरी हाती ६५ आले तर चांगले म्हणावे. नळ्या कापलेल्या निघाल्या तर बाजारभाव निम्म्यावर, म्हणजे ५० वर येईल आणि खर्च जाता ४० उरतील. त्यातून भरलेल्या हप्त्यांचे २६ मनातल्या मनात वजा करून पाहा. शिवाय विमापत्रात ठरलेली किंमत देण्याचे वचन आहे की नुकसानीच्या दिवशीचा बाजारभाव देण्याचे, हेही वाचा. दुसरा प्रकार असेल तर ३१० वर हप्ता भरूनही भरपाई बाजारभावाएवढीच मिळाली असती.

१२ टक्के वाढीलाही आधार नाही. सर्वोच्च दर्जाच्या, न हाताळलेल्या बंदुका चांगल्या भावाने जातात, मधल्या दर्जाच्या ग्राहकाची वाट पाहत राहतात. घेणाऱ्याकडे परवाना हवा, म्हणजे ग्राहकवर्ग मुळातच लहान. पाणथळ जागी शिशाच्या छर्‍यांवर अनेक देशांत बंदी आहे आणि पर्यायी पोलादी छरे जुन्या, पातळ, घट्ट चोकच्या नळ्यांत वापरणे योग्य नाही. अनेक जुन्या बंदुकांचे चेंबर अडीच इंची असल्याने आजची लांब काडतुसे त्यांत चालत नाहीत. अशा वस्तूची मागणी चक्रवाढीने वाढेल असे गृहीत धरायला कोणताही आधार मला दिसत नाही.

या आकड्यांवर तुमचा राजीनामा उभा आहे. याच मोजणीत तुमचा वर्षाचा घरखर्च साधारण १०० आहे, म्हणून ३१० मध्ये तीन वर्षे निघतील असे तुम्ही धरले. हाती ६५ आले तर आठ महिने निघतील, ४० आले तर पाच. उरलेली सव्वादोन-अडीच वर्षे कशावर काढणार, याचे उत्तर पत्रात नाही, आणि इतर बचत फारशी नसल्याचे तुम्हीच लिहिले आहे. पन्नाशीनंतर सोडलेली नोकरी त्याच पगारावर परत मिळणे कठीण असते. म्हणून नोकरी चालू ठेवा. बंदुकीचे जे येतील ते वर्षभराच्या खर्चाचा राखीव निधी उभारण्यासाठी वापरा, आणि मधल्या काळात वाचवलेला प्रत्येक महिना त्या तीन वर्षांतून वजा होत जाईल.

राहिला तुमचा प्रश्न. मूल्यांककांशी संबंध नसलेल्या एखाद्या बंदूक कारागिराकडून, ठरावीक शुल्क देऊन, नळ्यांची लांबी, आतील व्यास, भिंतीची जाडी आणि अनुक्रमांक यांचा लेखी अहवाल घ्या. नळ्या मूळ लांबीच्या निघाल्या तर किमान किंमत ठरवून, अहवाल आणि कारखान्याचे पत्र जोडून, शस्त्रांच्या विशेष लिलावात द्या, कारण तिथे मूळपणाला पैसे मोजणारे दोघे एकमेकांवर बोली लावतात. कापलेल्या निघाल्या तर संग्राहक येणार नाही. मग वापरासाठी बंदूक शोधणाऱ्याला दुकानदारामार्फत विकणे योग्य, आणि कापल्याची गोष्ट पावतीवर लिहूनच विका. दोन्ही बाबतींत परवाना आणि हस्तांतराची कागदपत्रे तुमच्या भागातील कायद्याप्रमाणे आधी पुरी करा. विम्याची रक्कम अहवालातील किमतीवर आणून घ्या आणि ताबा दिल्याच्या तारखेपासून तो बंद करा.