इंग्रजी न येणाऱ्या वडिलांनी घेतलेला गृहपाठ

"मॅडम, आम्हालाच इंग्रजी येत नाही, मग मुलाचा अभ्यास कसा घ्यायचा?" हा प्रश्न मला समुपदेशक म्हणून दरवर्षी जुलैपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत ऐकू येतो. विचारणारे बहुधा मराठी माध्यमातून शिकलेले आणि आपापल्या कामात तरबेज असलेले पालक असतात. कवितेचे रसग्रहण आणि औपचारिक पत्र या दोन गोष्टींची त्यांना विशेष धास्ती वाटते. अशाच एका कुटुंबाची हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते आहे.

बारावीतला हा मुलगा चार गुणांचे रसग्रहण मोबाईलवरून जसेच्या तसे उतरवत असे. वर्गात शिक्षिकेने त्यातल्याच एका शब्दाचा अर्थ विचारला, तो निरुत्तर झाला आणि त्यानंतर त्याने इंग्रजीची वही उघडणेच सोडले. वडील मुंबईतल्या सरकारी कार्यालयात लिपिक होते आणि टिटवाळ्याहून रोज लोकलने ये-जा करत. पहिल्या भेटीत मुलगा म्हणाला, "माझं वाक्य चुकणारच, मग लिहायचं कशाला?" मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, त्यामुळे असा 'च' माझ्या कानाला लगेच खटकतो. चूक होऊ नये ही इच्छा रास्त आहे. पण चूक होताच कामा नये हा हट्ट हातात पेन धरू देत नाही. हे त्याला पटायला तीन भेटी गेल्या, आणि पटूनही वही कोरीच राहिली.

चौथ्या भेटीत मी वडिलांनाही आत बसवले. अभ्यासाला दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' ही कविता होती. पावसाळी रात्री उशिराच्या गाडीने एक बाप घरी परततो, त्याच्या रेनकोटवर चिखलाचे डाग आहेत, पिशवी पुस्तकांनी गच्च भरली आहे. मुलाला मी ती फक्त मराठीत सांगायला लावली. बाहेर उपनगरे सरकत जातात, पण बापाच्या डोळ्यांना ती दिसत नाहीत, या जागी तो अडला आणि त्याने वडिलांकडे वळून विचारले, "बाबा, खरंच दिसत नाही?"

वडील थोडे संकोचले. "बघावं लागत नाही रे. रुळांचा आवाज बदलला की कुठलं स्टेशन आलं ते कळतं."

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मीही मध्ये बोलले नाही; समुपदेशकाने गप्प राहण्याचे क्षण ओळखावेत, आणि हा मी ओळखला याचे मला आजही समाधान आहे. मग त्याने वही ओढून तेच वाक्य इंग्रजीत लिहिले. त्यात क्रियापदाच्या दोन चुका होत्या, पण कोणत्याही गाईडमध्ये न सापडणारे असे ते निरीक्षण होते.

म्हणून मी पालकांना सांगते, की कविता मुलाकडून आधी मराठीत ऐकावी, कुठे खटकले आणि का, एवढेच विचारावे आणि व्याकरण शेवटी शिक्षकांकडून तपासून घ्यावे. उत्तर स्वतः लिहून मात्र कधीही देऊ नये, कारण त्यातून तुझ्याने होणार नाही हेच मुलाला ऐकू येते.

औपचारिक पत्राच्या बाबतीत तर या गृहस्थांना उगाच न्यूनगंड होता. प्रति, विषय, महोदय, 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि शेवटी आपला विश्वासू, ही चौकट ते कित्येक वर्षे रोज हाताळत होते. इंग्रजी पत्राचा सांगाडा फारसा वेगळा नसतो. मुलाने सोसायटीजवळच्या पथदिव्यांबद्दल तक्रारीचा मसुदा आणला, तेव्हा त्यांनी त्यातली पाण्याची तक्रार काढायला लावली. "एका अर्जात एकच मागणी, नाहीतर फाईल दोन टेबलांच्या मध्ये अडकते." मुलगा हसला, ओळ खोडली आणि मसुदा पुन्हा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "संदर्भ क्रमांक राहिला."