चढाला दम टाकते, वर गिअर पण उडवते

प्रश्न : नमस्कार काका, माझी ९८ सालची सहाचाकी आहे, फुल केबिन, साधा मेकॅनिकल पंप, टर्बो, पाच गिअर. पाटणहून खाली चिपळूणला पेंड टाकायची आणि येताना जांभ्याचे चिरे भरून कुंभार्ली चढायचा हा आपला धंदा. दोनेक महिने झाले, पोफळी सोडून चढाला लागलो की गाडी मधेच मरगळते, रेस फुल दाबली तरी ओढत नाही, सोडून परत दिली की जरा उठते आणि पुढच्या वळणावर परत तेच. कधी कधी अख्खा घाट काहीच होत नाही! काळा धूर नाही, सपाटीला एकदम ओके. आणि तिसरा गिअर आपोआप उडतो, हेल्परला गिअरचा दांडा धरून बसवावं लागतं. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले, पंप लॅबला नेऊन कॅलिब्रेशन केलं, नोझल केले, वीसेक हजार गेले. आता मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स उतरवून तिसऱ्याचा सेट टाकू. टाकू का? क्लचची काळजी नाही, प्लेट नवीन आहे, दोन महिन्यांपूर्वी, संक्रांतीच्या तोंडावरच टाकली.

उत्तर : नका टाकू, थांबा जरा. सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी टाकलंय. प्लेट संक्रांतीला टाकली आणि दोन्ही दुखणी दोन महिन्यांचीच, म्हणजे प्लेटनंतरची. प्लेट टाकायला बॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे फाउंडेशनचे (इंजिन आणि बॉक्स ज्या रबरांवर बसतात त्यांचे) बोल्ट खोलले, इंजिनला खालून जॅक लावला, गिअरचे रॉड सोडले, आणि हे सगळं पंचवीस वर्षांच्या, तेल पिऊन फुगलेल्या रबरांवर. मला पहिला संशय तिथेच येतो.

आता फाउंडेशनचा आणि पिकअपचा संबंध काय, असं म्हणाल. इंजिन आणि बॉक्स रबरावर बसलेत, ते हलतात. केबिन आणि चेसिसचं हलणं वेगळं. आणि या दोघांच्या मधे तीन गोष्टी ताणलेल्या असतात, केबिनमधून पंपाकडे जाणारा रेसचा रॉड, दांड्यापासून बॉक्सकडे जाणारं लिंकेज आणि चेसिसवरून फीड पंपाला (टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला) येणारा डिझेलचा होज. रबर फाटलेलं असेल तर भरल्या गाडीनं खालच्या गिअरात जोर लावला की इंजिन एका अंगानं उचलतं, मग रेसचा रॉड मागे ओढला जातो नाहीतर होजला घडी पडते, आणि लिंकेज तिसऱ्याला खेचून बाहेर काढतं. पाय सोडला की इंजिन परत जागेवर, म्हणून तुमची गाडी ‘जरा उठते’. सपाटीला एवढा जोरच लागत नाही त्यामुळे तिथे सगळं ओके.

बघायचं कसं? चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय, गिअर टाकून क्लच हळूच चावेपर्यंत सोडा, आणि एकाला बाजूला उभं राहून इंजिनकडे बघू दे. बाजूला म्हणतोय, समोर नाही! तेच रिव्हर्समध्ये करा. इंजिन बोटभर उचललं, ठोका आला, की रबरं बदला, सगळी एकदम, एकच बदलून उपयोग नसतो. नंतर गिअर लिंकेज नव्यानं सेट करून घ्या, कारण दात पूर्ण बसले नाहीत तर गिअर उडणारच.

रबरं चांगली निघाली तरी रेस तपासा. इंजिन बंद ठेवून एकानं पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्यानं पंपाचा लिव्हर शेवटच्या बोल्टला टेकतो का बघायचं. जाड मॅटिंगनं किंवा झिजलेल्या बॉल जॉइंटनं अर्धी रेस खाल्लेली मी कितीदा बघितलीय. स्टॉपची केबलही गंजून अर्ध्यात अडकते आणि पंपाला अर्धवट बंद करून ठेवते, ती पण हातानं मागे ढकलून बघा.

इतकं करूनही चढाला मेलीच तर मग डिझेल. काळा धूर नाही म्हणजे हवा कमी पडत नाहीये, डिझेलच पोचत नाहीये. मेली की लगेच उतरून दोन गोष्टी करा, टाकीचं झाकण उघडून ‘फुस्स’ आवाज येतो का ऐका (आला तर झाकणाचं भोक बुजलंय, डिझेल ओढताना टाकीत हवाच शिरत नाही), आणि टाकी किती भरलीय ते लिहून ठेवा. फुल टाकीला कधीच होत नाही आणि अर्ध्याखाली होतं, असं निघालं तर टाकीतल्या सक्शन पाइपला मधे चीर असू शकते. पण मग लाइन एअर धरते आणि हातपंप मारल्याशिवाय गाडी सेल्फवर चालू होत नाही, तेवढं बघा. सगळ्यात पक्की टेस्ट म्हणजे पाच लिटरचा कॅन नीट बांधून त्यातून थेट फीड पंपाला पारदर्शक नळी देऊन घाट चढायचा. कॅनवर चढली तर दोष टाकी ते पंप या लाइनमध्ये, पंपवाल्याला उगाच शिव्या घातल्या. माझ्या स्वतःच्या गाडीत आठ दिवस डोकं खाल्ल्यावर टाकीतून गुटख्याची पुडी निघाली होती. चालू असताना सक्शनला चिकटायची, बंद केली की खाली पडायची, मिस्त्री पोचेपर्यंत गाडी ठणठणीत!

क्लचचं म्हणाल तर, इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही असं झालं तर प्लेट घसरतेय, नवी असली तरी मागच्या सीलचं तेल लागून घसरते. तुमच्या इंजिनचा तर आवाजच खाली बसतो, म्हणून तो नाद सध्या सोडा.

आणि गिअर तरीही उडत राहिला तर बॉक्स उतरवायच्या आधी वरचं झाकण खोलून फोर्कच्या (गिअर सरकवणाऱ्या काट्याच्या) रॉडवरच्या गोळ्या आणि स्प्रिंगा बघा. स्प्रिंग तुटली तरी गिअर असाच उडतो आणि ती चहापाण्याच्या पैशात येते. तिथेही काही नाही मिळालं तर मग मिस्त्रीचं ऐका, दात नाहीतर बेअरिंग गेलं असेल. एक मात्र आजपासून बंद, हेल्परला दांडा धरून बसवणं. त्या जोरानं फोर्क झिजतो आणि आज नसलेलं काम उद्या निघतं.

प्रश्न : घाट न्यूट्रलमध्ये उतरलो तर डिझेल वाचतं असं आमचे सगळे म्हणतात, खरं का?

उत्तर : उलटं आहे. गिअरात ठेवून रेस सोडली की आयडलच्या वरच्या फेऱ्यांना पंप डिझेल तोडतो, न्यूट्रलला मात्र इंजिन आयडलवर डिझेल पीतच राहतं. आणि इंजिनची ओढ गेली की सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर, ते तापले की पाय दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट झडपेनं अडवून गाडी रोखणारा) असेल तर तो पण वापरात ठेवा आणि त्याची झडप साफ करून घ्या, नाहीतर ती अर्धी बंद अडकली की वरच्या प्रश्नातल्या पाटणच्या भाऊंच्या गाडीसारखी तुमची गाडीही चढाला मरगळेल, फक्त मागून काळा धूर काढत.