५० मेगापिक्सेल असूनही फोटो सपाट का येतात?

तुम्ही विचारलंय की ५० मेगापिक्सेलचा नवा फोन घेतला तरी घरातले आणि सहलीचे फोटो सपाट, निर्जीव दिसतात, तर आता डीएसएलआर घ्यावा का. माझं स्पष्ट मत: इतक्यात नको. अकरा वर्षं मी फोनवरच फोटो काढतोय. त्यातली पहिली दोन वर्षं ॲप बदलण्यात आणि फोन बदलण्यात गेली, आणि फोटो होते तिथेच राहिले.

मेगापिक्सेलचा विषय आधी संपवतो. असे बहुतेक फोन नेहमीच्या मोडमध्ये चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. कमी उजेडात त्याचा फायदाच होतो, फोटो खरखरीत येत नाही. तेव्हा त्या आकड्याकडे बघू नका, उजेड कुठून येतोय ते बघा.

हे मला कळलं ते आईमुळे. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून सुपात तांदूळ निवडत होती. वर ट्यूबलाइट चालू होती. मी पाच-सहा फोटो काढले, सगळे पासपोर्टच्या फोटोसारखे. मग ट्यूब बंद केली. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. गालाची एक बाजू उजळली, दुसरीवर मऊ सावली पडली, कपाळावरच्या रेघा दिसल्या, सुपातला दाणा न् दाणा वेगळा झाला. फोन तोच, माणूस तेच, मध्ये दोन मिनिटंसुद्धा गेली नव्हती. समोरून किंवा डोक्यावरून सारखा उजेड पडला की सावली मरते, आणि सावली नसली की वस्तूला गोलाई राहत नाही. तुम्ही ज्याला सपाट म्हणताय ते हेच. शिवाय दिवसा ट्यूब आणि खिडकी असे दोन रंगांचे उजेड एकत्र आले की त्वचेचा रंगही बिघडतो.

दुसरी गोष्ट एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ किंवा काळोखा येतो ते, आणि इथे थोडा वेळ द्याच. समोर पांढरं आहे की काळं, हे कॅमेऱ्याला नीट उमगत नाही. तो सगळं मध्यम उजळ करायला बघतो. वारीत पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर अशी दिंडी समोर आली की तो उजेड कमी करतो, कपडे मळकट आणि चेहरे काळवंडलेले येतात. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या काळ्या दगडाच्या देवळात नेमकं उलटं होतं. फोन उजेड वाढवतो, दगड राखाडी होतो आणि मागचं आभाळ पांढरंफटक. उपाय सोपा आहे: जे महत्त्वाचं त्यावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवा. चेहऱ्यासाठी थोडं वर, काळ्या दगडासाठी थोडं खाली. बोट तसंच दाबून धरलं तर बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक होतात. आणि कोरीवकाम टिपायचं असेल तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या उन्हात मूर्तीच्या बोटांची नखंसुद्धा दिसतात. भर दुपारी त्याच भिंतीवर काही उठून दिसत नाही.

माणसांचे फोटो फार जवळून काढू नका. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, म्हणजे एका चौकटीत बरंच काही बसवणारी, त्यामुळे हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन पावलं मागे जा आणि २एक्स वापरा. त्यापुढे चिमटीने ओढून १०एक्स करणं म्हणजे, दूरचं जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर, निव्वळ कातरकाम आहे, ते नंतरही करता येतं.

नाइट मोड पळत्या नातवंडांसाठी नाही. तो लागोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्या जुळवतो, तेवढ्यात मूल हललं की चेहरा पुसट होतो. देवळातली समई, रिकामा रस्ता, इथे मात्र तो कमाल करतो. फोन खांबाला किंवा भिंतीला टेकवून धरा. प्रो मोड (सगळं हाताने ठरवायचा), रॉ (फोनने प्रक्रिया न केलेली फाइल) वगैरे सध्या राहू द्या. लेन्स मात्र रोज सुती कापडाने पुसा, खिशातल्या फोनवर बोटांचं तेल असतंच आणि दिव्यांभोवती धुरकट वलय येतं ते त्याचंच.

आता एक काम सांगतो. घरातली एकच जागा निवडा, तुळशीवृंदावन चालेल, पाण्याची कळशीही चालेल. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी साडेपाचला तिचा एकेक फोटो काढा, उभं राहायची जागा न बदलता. असं आठवडाभर करा. एकही फिल्टर लावू नका. मग त्यातले तुम्हाला आवडलेले तीन आणि अजिबात न आवडलेले तीन इथे टाका, कुठला किती वाजताचा ते लिहून. न आवडलेले नक्की टाका, मला तेच आधी बघायचेत.