यंत्र अंगावर, ओझं गाडीवर

(दुचाकीविषयी वाचकांचे प्रश्न आणि काकाजींची उत्तरं)

प्रश्न : काकाजी, नमस्कार. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. माझ्याकडे दोन गावं आहेत. सकाळी एक, जेवणानंतर दुसरं, आणि कधीमधी दारव्ह्याला पंचायत समितीत चक्कर. गाडी १२५ सीसीची, रस्ता तुम्हाला माहीतच आहे. पाठीवरच्या एकाच बॅगेत लॅपटॉप, चार्जर, अंगठ्याची मशीन, दोन रजिस्टर, डबा, दोन लिटरची पाण्याची बाटली, पान्हे आणि उन्हाळ्यात एक कांदा एवढं सगळं असतं. संध्याकाळपर्यंत मान धरते. लॅपटॉपचं बिजागर ढिलं झालंय आणि स्क्रीनच्या मधोमध पांढुरका डाग आलाय. दुरुस्तीवाला म्हणे, उन्हानं झालं. सोबतचे म्हणतात, मागे कॅरिअरवर पेटी बसव आणि त्यात टाक. दोन हजारांच्या आत काही होईल काय?
– एक वाचक, लाडखेड, जि. यवतमाळ

उत्तर : होईल भाऊ, आणि दोन हजारांतले थोडे उरतीलही. आधी तो कांदा बॅगेतून काढून खिशात टाका. लू लागण्यापासून तो वाचवतो की नाही, यावर डॉक्टरांशी भांडायची माझी तयारी नाही. पण लॅपटॉपला त्याचा काही उपयोग नाही, एवढं नक्की.

डागाबद्दल मात्र मी दुरुस्तीवाल्याच्या बाजूनं नाही. मधोमध एकाच ठिकाणी आलेला असा डाग बहुतेक वेळा दाबाचा असतो. घरी रोजच्यासारखी बॅग भरा, फक्त लॅपटॉप बाहेर ठेवा. त्याच्या खणात तळहात पसरून घाला आणि दुसऱ्या हातानं बाहेरून बॅगेचं पोट दाबा. चार्जरचा ठोकळा नाहीतर डब्याची कड तळहाताला जिथं रुतेल, तिथंच तुमचा डाग असणार, पैज लावतो. खड्डा आला, ब्रेक दाबला, पट्टे आवळले, की दर वेळी तो ठोकळा झाकणावर रुततो, आणि त्या पातळ झाकणाच्या आत लगेच स्क्रीन असते. आलेला डाग जायचा नाही, वाढायचा थांबेल. चार्जर बाजूच्या खिशात घाला आणि लॅपटॉपच्या झाकणाची बाजू आपल्या पाठीकडे ठेवा.

दुसरी तपासणी तळाची. लॅपटॉप खणात ठेवून बॅग टेबलावर चार बोटं वरून हळूच सोडा. ‘टक्’ असा आवाज आला, तर त्या खणाला स्वतःचा तळ नाही. लॅपटॉपचा कोपरा नुसत्या कापडावर टेकतोय. महागड्या बॅगांतही हे सापडतं. बॅग खाली ठेवताना, बाकावर आपटताना सगळा मार त्या कोपऱ्याला बसतो आणि बिजागराचं दुखणं तिथून वाढतं. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे फोमचे तुकडे पडलेलेच असतात. दोन बोटं जाडीचा कडक फोम खणाच्या मापानं कापून तळाशी बसवा. मऊ फोम घेऊ नका, तो महिन्याभरात दबून पापड होतो.

आता पेटीचं. मी नोकरीत पशुधन पर्यवेक्षक होतो. कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या वीर्याच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, उणे १९६ अंशांत. तो भरलेला कंटेनर घेऊन दिग्रस-आर्णीकडच्या वाड्या-वस्त्या फिरायच्या, हेच आमचं काम. त्या कंटेनरचं आतलं भांडं बाहेरच्या भांड्यात नुसतं मानेवर लोंबत असतं, मधे निर्वात पोकळी. हादऱ्यांनी मान दुखावली, पोकळी गेली, की नायट्रोजन उडून जातो आणि आतल्या कांड्या वाया. म्हणून लहान कंटेनर आम्ही खांद्याला अडकवून न्यायचो. कॅरिअरला बांधायची गोष्टच नव्हती. कॅरिअर मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे निघालेला असतो, त्यामुळे गाडीवरची सगळ्यात मोठी उसळी तिथं बसते, आणि पेटीला खाली लोखंडी पट्ट्यांशिवाय आधार नाही. शॉकअप दोघांनाही तोच, पण तुमच्या पाठीपर्यंत पोहोचायला त्याच हादऱ्याला सीटचा फोम आणि तुमची कंबरही ओलांडावी लागते. शिवाय खड्डा दिसला की आपण पायदानावर जोर देऊन थोडं उचलतोच. पेटी तसं करत नाही.

तेव्हा लॅपटॉप आणि अंगठ्याची मशीन अंगावर, बाकीचं गाडीवर. हिशेब करा : दोन किलो पाणी, किलोभर डबा, रजिस्टरं, पान्हे. एवढं उतरलं की पाठीवर अडीच-तीन किलोच राहतं आणि मानेचं निम्मं दुखणं तिथंच संपतं. उरलेलं निम्मं पट्ट्यांचं. बॅग कमरेवर लोंबू देऊ नका. पाठीला चिकटून राहील इतपत पट्टे ओढा. छातीवरचा आडवा पट्टा नसेल तर चपला शिवणाऱ्याकडून शिवून घ्या. पट्टे खांद्यावरून घसरले नाहीत की मान आखडून गाडी चालवावी लागत नाही.

गाडीवरच्या सामानासाठी डाव्या बाजूला साडीगार्डला टेकून बसेल अशी ताडपत्रीची झोळी शिवून घ्या. तोच सीट कव्हरवाला शिवून देईल. वर झाकण, दोन बकल, आणि मागच्या अंगाला रबरी चटईचा तुकडा, म्हणजे घासून भोक पडत नाही. उजवीकडे सायलेन्सर असतो, त्या बाजूला लटकवायच्या भानगडीत पडू नका. तीन-चार किलो एका अंगाला असले तरी १२५च्या गाडीला जाणवत नाहीत. एकच पाहा, पट्ट्याचं टोक लोंबतं राहायला नको. वळवून आत खोचा. चाकात गेलं तर मागचं चाक जागीच अडकेल. पान्हे तर पाठीवर कधीच नको. गाडी घसरली आणि माणूस पाठीवर पडला, की मणका आणि रस्ता यांच्या मधे तो पान्हा येतो. स्टीलच्या डब्यालाही तेच लागू.

अंगठ्याच्या मशीनची काच ओरखड्यांनी खराब होते. एक जुनी, टणक चष्म्याची डबी घ्या; बऱ्याच मशीन त्यात बसतात. गाडीचे कागद बॅगेत बाळगायची गरज उरलेली नाही. २०१८ साली केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं डिजिलॉकर आणि एमपरिवहन या मोबाइल ॲपवरची कागदपत्रं ग्राह्य धरा, असं राज्यांना कळवलेलं आहे.

आणि ऊन. डाग उन्हाचा नसला तरी ऊन निर्दोष नाही. लॅपटॉप चालवायला अनेक कंपन्या ३५ अंशांच्या आसपासची मर्यादा सांगतात. मे महिन्यात आपल्याकडे तेवढं नऊ-दहालाच होतं, आणि दुपारी पारा ४४-४५ला टेकतो. गावात पोचल्यावर लोक दारात उभेच असतात, सातबारा द्या, दाखला द्या. त्यांना पाणी पाजा, दोन गोष्टी करा, पण गरम लॅपटॉप पंधरा-वीस मिनिटं सावलीत निवल्याशिवाय चालू करू नका. निघताना नुसतं झाकण मिटू नका, पूर्ण बंद करा. झाकण मिटल्यावर तो झोपतो खरा, पण अपडेटसाठी बॅगेतच जागाही होतो. पंख्याला हवा नाही, मग आतल्या आत तापत राहतो. सरकारी जुना लॅपटॉप असेल, आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर चालू स्थितीत त्याला हादरा बसणं आणखीच वाईट. उन्हाळ्यात बॅटरी ऐंशी टक्क्यांवर ठेवली तरी तुमचं काम भागेल. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर थकते. बॅग गाडीला अडकवून उन्हात सोडायची नाही, ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणूनसुद्धा. आपल्याकडची पाच मिनिटं चहापर्यंत जातात.

शकुंतला रेल्वे चालू असती तर दारव्ह्याची चक्कर तुम्ही खिडकीत बसून केली असती. असो.

प्रश्न : काकाजी, मी आरोग्य उपकेंद्रात आहे. यजमानांची जुनी मोटरसायकल चालवते. शेवटचा तुकडा पांदण रस्त्याचा आहे. बॅगेला रेनकव्हर असूनही मागच्या पावसाळ्यात लॅपटॉपच्या खणात ओल आली. बॅगच बदलू काय?
– एक ताई, मानोरा, जि. वाशीम

उत्तर : ताई, नवी बॅगही तशीच भिजेल. रेनकव्हर बाहेरची बाजू झाकतं, पाठीची बाजू उघडीच राहते. पाणी रेनकोटच्या मानेवरून पाठीवर उतरतं आणि बॅगेच्या पाठीकडचा स्पंज ते पिऊन घेतो. लॅपटॉपचा खण नेमका त्याच्या मागे. त्यातून कव्हरच्या तळाशी पाणी साचलं की बॅग बुडापासूनही भिजते. तापवलेल्या खिळ्यानं कव्हरला सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक पाडा.

खरा बंदोबस्त आतून करायचा. जाड पॉलिथीनची, लॅपटॉपपेक्षा वीतभर लांब पिशवी घ्या, लॅपटॉप आत, तोंडाला तीन घड्या आणि वर दोन चिमटे. खताच्या पोत्यातली आतली पिशवी फुकट मिळते म्हणून वापरू नका. कितीही धुतली तरी कडेला युरियाचे कण राहतात, आणि युरिया हवेतली ओल ओढतो. रेनकोट एक माप मोठा घेऊन बॅगेच्या वरून घातला तर आणखी चांगलं. दिसायला आपण मागून उंटासारखे दिसतो, दिसू द्या. पोचल्यावर मात्र लॅपटॉप लगेच पिशवीतून बाहेर काढा. दमट हवा आत कोंडून रात्रभर ठेवणं बरं नाही.

पांदणीचं सांगायचं तर काळ्या मातीत सवाल बॅगेपेक्षा चाकाचा असतो. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मधे भरत जातो आणि चाक फिरायचंच थांबतं. ओला असतानाच पऱ्हाटीच्या काडीनं खरवडून काढा. वाळला की सळई लागते. सलग दोन दिवस झड लागली असेल तर गाडी डांबरीवरच कोणाच्या तरी ओट्याशी लावा आणि बॅग घेऊन पायी जा. तुमच्या गावात कोणी नाही म्हणणार नाही, नर्सबाईंची गाडी आहे.

प्रश्न : मी बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी आहे. टाकीवर बसणारी चुंबकाची बॅग घेऊन त्यात लॅपटॉप ठेवावा म्हणतो. डीलरला दाखवायला औषधाच्या बाटल्याही असतात, त्या पाठीवरच्या बॅगेत जातील. जमेल ना?
– एक वाचक, अकोट, जि. अकोला

उत्तर : उलटं केलंत भाऊ. पंधरा इंची लॅपटॉप टाकीवर आडवा मावत नाही, हँडल वळवताना कोपरा अडतो, आणि उन्हात तापलेली टाकी त्याला खालून शेकते. बऱ्याच गाड्यांच्या टाकीवर आता प्लास्टिकची आवरणं असतात, त्यांना चुंबक धरत नाही. धरलं तरी लॅपटॉपच्या झाकणात मिटलं-उघडलं ओळखणारं यंत्र चुंबकावरच चालतं. जवळ दुसरं चुंबक आलं की ते गोंधळू शकतं. टाकीवर ठेवायचंच तर पट्ट्यांची छोटी बॅग घ्या आणि त्यात दुपट्टा, गॉगल, पाणी ठेवा.

औषधाच्या बाटल्या पाठीवर नको, डब्याच्या झोळीत नको, लॅपटॉपजवळ तर नकोच. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून बंद बाटलीवरही माझा विश्वास नाही. वर ज्या कॅरिअरच्या पेटीला मी नाही म्हटलं, ती तुम्ही जरूर बसवा : टणक, कुलूप लागणारी, तळाशी लाकडाच्या भुशाचा जाड थर, बाटल्या उभ्या आणि प्रत्येक बाटली वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. पेटी भरण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत कॅरिअरवर किती वजन चालतं ते बघून घ्या. जेवायला बसण्याआधी हात साबणानं धुवा, आणि पेटीची किल्ली घरी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.