पहिलाच हिवाळा का?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की अलास्कात नवीन माणसाला नाव नंतर विचारतात, आधी किती हिवाळे काढलेस ते विचारतात. त्यावर बरीच पत्रं आली, दोन-तीन चांगलीच रागावलेली. त्यातली पाच घेतलीयत.

प्रश्न : ताई, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही ऑगस्टमध्ये फेअरबँक्सला आलो. लोक वागायला चांगले आहेत, शेजारी स्वतः येऊन सांगून गेले की गाडीला ब्लॉक हीटर बसवून घ्या नाहीतर थंडीत इंजिन चालू होणार नाही. पण जवळीक म्हणून काही होत नाही. जो भेटेल तो विचारतो, पहिलाच हिवाळा का? हो म्हटलं की हसतो आणि विषय बदलतो. आम्ही परदेशी दिसतो म्हणून असेल का?

उत्तर : दिसण्याचा संबंध कधीच नसतो असं मी म्हणणार नाही, पण हा प्रश्न त्यातला नाही. टेक्सासहून आलेल्या गोऱ्यापान माणसालाही हेच विचारतात आणि तोही तुमच्यासारखाच खट्टू होतो.

आपण नाही का म्हणत, चार पावसाळे जास्त पाहिलेत म्हणून, तसं इथे हिवाळे मोजतात, फक्त आपण ते बोलण्यापुरतं म्हणतो आणि हे लोक खरंच मोजतात. नवख्याला इथला जुना शब्द आहे चीचाको. चिनूक जार्गन नावाची व्यापाराची मिश्र बोली होती त्यातला, अर्थ सरळ, नवीन आलेला. आणि मुरलेला माणूस म्हणजे सावरडो, म्हणजे आंबवलेलं पीठ! 1896 मध्ये शेजारच्या कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत लाखभर माणसं घरदार सोडून निघाली, त्यातली पोचली तीस-चाळीस हजार. कडाक्याच्या थंडीत यीस्ट कुठून मिळणार, म्हणून जुने लोक आंबवणाचं पीठ जवळ बाळगायचे, गोठू नये म्हणून अंगाशी धरून झोपायचे, त्यावरून हे नाव पडलं. नदी गोठताना बघितली आणि वसंतात तोच बर्फ फुटताना बघितला की माणूस चीचाकोचा सावरडो झाला असं धरायचे. मधे पळून गेला तर नाही. नेनाना गावात तर बर्फ नक्की कधी फुटणार यावर 1917 पासून दरवर्षी पैज लागते, टॅनाना नदीच्या गोठलेल्या पात्रावर लाकडी तिवई उभी करतात, ती दोरीनं घड्याळाला बांधलेली असते, बर्फ हलला की घड्याळ थांबतं. या वर्षी तिकीट काढा. जिंकणार नाही, पण ऑफिसात बोलायला विषय मिळेल.

आता विषय का बदलतात ते सांगते. फेअरबँक्सला डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेचार तासांचा, थंडी उणे चाळीसला जाऊ शकते, आणि उणे चाळीसला सेल्सिअस काय नि फॅरेनहाइट काय, आकडा एकच. येताना सगळे उत्साहात येतात, मग जानेवारीत चेहरा उतरतो, आणि मे महिन्यात घरासमोर सामान विकायला मांडलेलं असतं. नव्याचे नऊ दिवस इथे नऊ महिने चालतात एवढंच. ज्यानं वीस वर्षं हेच बघितलंय, दर वर्षी मैत्री करायची आणि दर वर्षी विमानतळावर सोडायला जायचं, तो तुमच्यात लगेच जीव कशाला गुंतवेल?

माझ्या शेजारच्या आजींकडे फोननंबरची वही होती, अजून आहे. त्यात माझं नाव पेन्सिलनं लिहिलेलं. मला वाटलं पेन सापडलं नसेल. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी वही काढली, खोडरबरानं माझं नाव पुसलं आणि त्याच जागी निळ्या शाईनं लिहिलं, स्पेलिंग मला विचारून. तोपर्यंत ते चुकलेलंच होतं आणि त्यांनी ते विचारायची तसदी घेतली नव्हती.

पण मदतीला कोणी हिवाळे मोजत नाही हेही बघा. पहिल्या डिसेंबरात माझी गाडी घसरून कडेच्या बर्फात रुतली. पाचव्या मिनिटाला एक पिकअपवाला थांबला, माझ्या गाडीखाली पाठीवर झोपून हुक अडकवला, गाडी ओढून काढली. नाव नाही विचारलं, म्हणाला, पहिलाच ना? मी हो म्हटलं तर स्वतःचं फावडं माझ्या डिकीत टाकलं आणि निघून गेला. ते फावडं मी अजून वापरते आणि तो माणूस मला पुन्हा कधी भेटला नाही.

हे सगळं नुसतं मनातलं नाही बरं का, एकदा कायद्यातही आणून झालंय. तेलाच्या पैशातून इथल्या रहिवाशांना दरवर्षी जो डिव्हिडंड मिळतो त्याची 1980 ची मूळ योजना अशी होती की अलास्का राज्य झालं 1959 ला, तेव्हापासून जितकी वर्षं तुम्ही इथे राहिलात तितके पन्नास पन्नास डॉलर. म्हणजे पहिल्यापासून असलेल्याला 1,050 आणि वर्षभरापूर्वी आलेल्याला 50. 1978 मध्ये अलास्कात आलेलं एक वकील जोडपं याविरुद्ध कोर्टात गेलं, आणि 1982 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 8 विरुद्ध 1 मतांनी हे रद्द केलं, म्हणाले नागरिकांमध्ये जुने-नवे असे थर लावता येणार नाहीत. मग पहिला चेक सगळ्यांना सारखा गेला, 1,000 डॉलरचा. अजूनही आधीचं अख्खं कॅलेंडर वर्ष इथे राहावं लागतंच, आणि इथेच राहायचा इरादा आहे असं लिहून द्यावं लागतं. ऑगस्टमध्ये आलात म्हणजे तुमचं वर्ष येत्या जानेवारीपासून मोजलं जाईल, आणि तुमच्या व्हिसाला ते लागू आहे का ते आधी विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही क्रूझनं जूनोला गेलो होतो. इतके पैसे मोजून जातो आणि दुकानाबाहेर एक बाई तोंड वाकडं करून बघते. पर्यटकांवर पोट आहे ना त्यांचं?

उत्तर : काहींचं आहे, काहींचं नाही, आणि भांडण तिथेच आहे. जूनो राजधानी असली तरी बाहेरून तिथे रस्ता जात नाही, विमान नाहीतर बोट. वस्ती साधारण 32 हजार, आणि 2023 च्या एका सीझनमध्ये क्रूझचे प्रवासी उतरले 16 लाखांहून जास्त. त्या बाईला तेव्हा कदाचित फक्त दूध घेऊन घरी जायचं असेल आणि फुटपाथवर तुम्ही फोटोसाठी उभे असाल. हिमनदीवर जाणारी हेलिकॉप्टरं दिवसभर डोक्यावरून फिरतात त्याचा आवाज वेगळाच.

पण तरी सगळे विरोधात नाहीत. शनिवारी मोठी जहाजं नकोतच असा प्रस्ताव ऑक्टोबर 2024 मध्ये मतदानाला आला होता, लोकांनी तो पाडला. त्याऐवजी शहरानं कंपन्यांशी करार केलाय की 2026 पासून दिवसाला 16 हजार बेडच्या वर जहाजं नकोत, शनिवारी 12 हजार. म्हणजे पाहुणे या, पण पंगत आटोपशीर.

तिथले दुकानदार दोन विनोद वर्षानुवर्षं सांगतात. एक, जहाजातून उतरल्यावर धक्क्यावर उभं राहून विचारतात की ही जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हो. दुसरा, इथे अमेरिकन डॉलर चालतात का. तुम्ही यातलं काही विचारलं नसेल तर बाईचं तोंड मुळातच तसं असेल, सोडून द्या.

प्रश्न : 1992 मध्ये एकटाच रानात जाऊन राहिलेला तो तरुण, क्रिस मॅकॅन्डलेस, जगभर त्याला लोक मानतात. अलास्कातले लोक मात्र त्याचं नाव काढलं की चिडतात असं ऐकलं. का?

उत्तर : सगळे नाही, पण बरेच. कारण त्यांच्या नजरेतून बघा, एक चीचाको एप्रिलमध्ये तुटपुंजं सामान घेऊन हीलीजवळच्या स्टॅम्पीड ट्रेलवर शिरतो, नीट नकाशा नाही, उन्हाळ्यात टेक्लानिका नदी फुगते हे माहीत नाही, परतीची वाट बंद होते आणि ऑगस्टमध्ये उपासमारीनं जातो. थोड्याच अंतरावर नदी ओलांडायला तारेचा पाळणा होता. नकाशा असता तर दिसला असता, हे वाक्य तुम्हाला इथल्या कुठल्याही गप्पांत ऐकू येईल आणि ते हळहळून कमी, रागानं जास्त म्हटलं जातं. पुढे त्याच्यावर पुस्तक आलं, सिनेमा आला, आणि तो रानात ज्यात राहिला ती 142 नंबरची जुनी बस बघायला जगभरातून पोरं यायला लागली. 2010 मध्ये एकजण आणि 2019 मध्ये एकजण नदीत बुडून गेली, कितीजणांना वाचवायला जावं लागलं. शेवटी जून 2020 मध्ये लष्कराच्या हेलिकॉप्टरनं बसच उचलून नेली, आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या म्युझियमकडे आहे.

मला विचाराल तर चोवीस वर्षांच्या पोराबद्दल मेल्यावरसुद्धा इतकं कडू बोलू नये. पण त्याच्यामागून जाणाऱ्यांना शोधायला ज्यांना रात्रीचं बाहेर पडावं लागतं त्यांना हे कोण सांगणार, मी तरी नाही सांगत.

प्रश्न : असे शब्द फक्त अलास्कातच आहेत का?

उत्तर : छे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथे उपऱ्याला साउथमाउदर म्हणतात, कारण बोट बंदरात दक्षिणेकडच्या तोंडातून शिरते. शेजारच्या ऑर्कनीत फेरीलूपर, म्हणजे बोटीतून उडी मारून आलेला. कॅनडात न्यूफाउंडलंडला सरळ म्हणतात, दुरून आलेला. जिथे यायला एकच वाट असते तिथे कोण कधी आलं हे सगळ्यांना माहीत असतं.

प्रश्न : मुलीला पश्चिम अलास्कात युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका खेड्यात शाळेत नोकरी लागलीय. बेथेलहून छोट्या विमानानं जावं लागतं म्हणे. तिथले लोक तिला कसं वागवतील?

उत्तर : आधी एक गोष्ट. वर मी जुने-नवे म्हणून जे रामायण सांगितलं ते तिथे निम्मं गैरलागू आहे, कारण तिथल्या लोकांसाठी सोनं शोधणारे सावरडोसुद्धा कालच आलेले. युपिक भाषेत गोऱ्या माणसाला कस्साक म्हणतात, तो कोसॅकवरून आलेला शब्द, म्हणजे रशियन आले तेव्हापासूनचा हिशोब. क्लोंडाइकला जाणारे ज्या चिल्कूट खिंडीतून गेले ती वाट त्लिंगिट या तिथल्या मूळ रहिवाशांची, ते पैसे घेऊन यांचं सामान वर चढवून द्यायचे. आणि नंतर त्याच नवख्यांच्या वंशजांनी हॉटेलांवर पाट्या लावल्या, नेटिव्हना प्रवेश नाही. त्याविरुद्ध एलिझाबेथ पेराट्रोविच नावाची त्लिंगिट बाई विधिमंडळात उभी राहून बोलली आणि फेब्रुवारी 1945 मध्ये भेदभावविरोधी कायदा झाला. मुलीला हे जायच्या आधी माहीत असू दे, म्हणजे कोणी सुरुवातीला गप्प राहिलं तर ती मनाला लावून घेणार नाही.

आणि तिथे शिक्षक टिकत नाहीत. एक-दोन वर्षांत जातात, त्यामुळे मुलं पहिल्या आठवड्यातच विचारतील, तू पुढच्या वर्षी असशील का? खोटं सांगू नको म्हणावं.

सामानाचं म्हणाल तर दारूची बाटली चुकूनही नको, कोणाला भेट म्हणूनही नको. बऱ्याच खेड्यांत दारूबंदी आहे आणि तिथे बाटली नेणं हाच गुन्हा. कोणी घरी जेवायला बोलावलं तर जावं, समोर मासा किंवा सीलचं तेल आलं तर निदान चाखून बघावं, शाकाहारी असेल तर पहिल्याच दिवशी हसत सांगून टाकावं. फोटो विचारूनच काढावेत. बोलताना मधे शांतता पडली की लगेच भरून काढू नये, आपल्याला ती सवय नसते, समोरचा विचार करत असतो आणि आपण दुसरा प्रश्न टाकून मोकळे होतो.

एक अजून. वर्गात ती विचारेल, समजलं का? आणि मुलं काहीच बोलणार नाहीत. तिला वाटेल दुर्लक्ष करतायत, मग ती आवाज चढवेल, माझ्या ओळखीच्या एका मास्तरीणबाईंनी पहिले पंधरा दिवस हेच केलं. मुलं उत्तर देतच असतात. भुवया वर गेल्या की हो, नाक आक्रसलं की नाही. तोंडाकडे नको, कपाळाकडे बघ म्हणावं.