मेंदूसाठी कोणती गोळी घ्यावी, मॅडम?

लातूरला माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांतून हा प्रश्न सारखा येतो. घरात एकाला स्मृतिभ्रंश झाला की बाकीचे अँटीऑक्सिडंटच्या, म्हणजे पेशींची हानी रोखणाऱ्या व्हिटॅमिन ईसारख्या पदार्थांच्या, मागे लागतात. त्यातलेच हे एक दुकानदार. ओळख बदलून सांगते. आईला अल्झायमर. त्यांनी पिशवीतल्या बाटल्या टेबलावर मांडल्या. काही आईसाठी, व्हिटॅमिन ई स्वतःसाठी.

“मेंदू गंजतो म्हणं. ह्यानं थांबंल ना?”

कल्पना खोटी नाही. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे 20 टक्के. त्यातून फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात. ते आवरेनासे झाले की पेशींची स्निग्ध आवरणं बिघडतात. अल्झायमरमध्ये ही हानी दिसते. म्हणून बाहेरून गोळी दिली की रोग टळतो, हे मात्र चाचण्यांत दिसलं नाही. सौम्य विस्मरण असलेल्यांना व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं. 2005 च्या निष्कर्षांत अल्झायमरकडे जाणं थांबलं नव्हतं. 2014 च्या अभ्यासात आजार झालेल्यांची रोजची कामं थोडी जास्त काळ टिकली, तीही मोठ्या डोसवर, डॉक्टरांच्या देखरेखीत. आणि रोज 400 युनिट घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर 17 टक्क्यांनी वाढलेला 2011 मध्ये दिसला. त्यांच्या बाटलीवर 400 च लिहिलं होतं.

ते ऐकूनही बाटली हातातून सुटेना. मी विचारलं, “दादा, ही नाही घेतली तर काय होईल?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “माय तेच तेच इचारायची. मी गिऱ्हाइकात. खेकसायचो तिच्यावर. आता तरी कायतरी कराव वाटतं.”

मी नात्यातून आजाराकडे बघते, आणि इथे तीच नजर कामी आली. गोळी मेंदूसाठी नव्हतीच, मनातल्या टोचणीसाठी होती. मी सांगितलं, हा आजार लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो. खेकसण्याने तो झाला नाही. ते रुमालात तोंड घालून रडले. त्या दिवशी आम्ही औषधाचा विषयच काढला नाही.

पुढच्या वेळी कामाचं बोललो. आईला ऐकू कमी येत होतं, कान तपासलेच नव्हते. यांची तंबाखू चालूच, बीपी कधी मोजलेलं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे 14 धोके मोजले. ऐकू कमी येणं, बीपी, शुगर, धूम्रपान, एकटेपणा त्यात आहेत. करडईच्या तेलात व्हिटॅमिन ई भरपूर असतं. ते, जवसाची चटणी, पालेभाजी आपल्या ताटात आहेच, ते खावं.

बाटल्या मात्र न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, कारण व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि आईला उतारवयात झाला म्हणजे तुम्हालाही होणारच, असं नाही.