पॉटला, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटनामागच्या पोटेन्शियोमीटरला, तीन पाय कशाला असतात? रिओस्टॅटला तर दोनच पुरतात ना?

कडंचे दोन पाय म्हणजे आतल्या रेझिस्टन्सच्या पट्टीची दोन टोकं, मधला पट्टीवरून घासत फिरतो. टोकांना 9 व्होल्ट दिले तर मधोमध 4.5 मिळतात, म्हणून तीन. फक्त करंट कमीजास्त करायचाय तर एक टोक आन् मधला एवढंच जोडा, झाला रिओस्टॅट. पण मधोमध निम्मे व्होल्ट हे पट्टी सरळ असली तर, म्हणजे बटन फिरवू तसा रेझिस्टन्स सारखाच वाढत गेला तर. वाकडी पट्टी, म्हणजे आधी हळू आन् मग झपाट्यानं वाढणारी, कोणी सांगतच नाही आन् माझं डोकं तिथंच सटकतं.

आमच्या गावात, परभणी जिल्ह्यात, सप्ताह चालू होता आन् मंदिराच्या ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम खरखर करायला म्हणून चुलतभाऊ तालुक्याला जाऊन नवा पॉट टाकून आला. जुना 100 के, म्हणजे किलो-ओम, नवा पण 100 के. रात्री महाराज कीर्तनाला उभे राहिले आन् बटन एवढुसं फिरवलं की भोंगा शिट्टी मारायला, पुढं टोकापर्यंत फिरवा, फरकच नाही. माईक बदलला, वायर बदलली, शेवटी सगळे म्हणले मशीनच गेली, वर्गणी काढा. मी म्हणलं पॉटच्या पाठीवर काय छापलंय ते तर बघा. बी 100 के, म्हणजे सरळ पट्टी! व्हॉल्यूमला ए लागतो राव, म्हणजे लॉग, तीच वाकडी पट्टी. पॉवर दहापट केली तेव्हा कुठं कानाला आवाज दुप्पट वाटतो, मग सरळ पट्टीवर सगळा आवाज सुरुवातीलाच येणार की. भाऊ म्हणतो, तू काय इंजिनेर हैस का. आली नवी मशीन. जुनी मी घरी आणली, ए टाकला, आजबी वाजायली.

तर नुसते ओम बघून पॉट घेऊ नका. आन् खरखर आली की लगेच बदलूबी नका, आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीसदा फिरवा, बहुतेक वेळा धूळच असते. खोबरेल तेल सोडणाऱ्याला तर हात जोडतो.

हां, रिओस्टॅट करताना रिकामा पाय मधल्याला जोडून टाका, घासणारा उचलला गेला तरी सर्किट तुटत नाही. कूलरच्या मोटरला असला बारका पॉट सिरीजमधे लावाल तर जळंल. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधला पॉट मोटरचा करंट घेत नाही, ट्रायॅकला, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला, कधी चालू व्हायचं तेवढं सांगतो.

आन् ए-बी वर पण डोळे झाकून जाऊ नका, जुन्या परदेशी मालात अक्षरं वेगळी असतात. बटन मधोमध ठेवून मल्टिमीटर लावा, दोन्हीकडून 50 के च्या आसपास आलं तर सरळ, एकीकडून 10-15 आन् दुसरीकडून 85-90 आलं तर लॉग. दुकानातच मोजा, मोजू देत नसला तर दुसरं दुकान बघा.